वाचाल तर अडकाल

खांदा कॉलनीला कशाची म्हणून कमी नाही. खांदेश्वराचं देऊळ आहे, देवळाशेजारी तलाव आहे, कॉलेज आहे, हार्बर लाइनचं स्टेशन आहे. 2016 साली पनवेलची महानगरपालिका झाली तेव्हा आम्ही महानगरवासी झालो आणि 8 ऑक्टोबर 2025 ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं तेव्हा आपोआप आंतरराष्ट्रीय झालो. राहता राहिला साहित्य महोत्सव. जयपूरला आहे, पुण्याला आहे, मुंबईत काळा घोड्यापाशी आहे. ज्या गावाला विमानतळ आहे पण साहित्य महोत्सव नाही, त्या गावी लेखकाने उतरायचं तरी कुठल्या तोंडाने?

ही कल्पना मूळ कुणाची, यावरून आमच्या सोसायटीत आत्ताच दोन गट पडले आहेत. म्हणजे वाङ्मयीन पायाभरणी रीतसर झाली म्हणायची. वार्षिक सर्वसाधारण सभेत गच्चीची गळती, पार्किंग आणि पुनर्विकास हे तिन्ही विषय परंपरेप्रमाणे पुढच्या सभेवर ढकलून झाल्यावर, अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयांत साहित्य आलं. मराठीत साहित्य बहुधा असंच येतं. वर्गणीचा उल्लेख कटाक्षाने टाळल्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला. सल्लागार म्हणून माझी नेमणूक झाली. पात्रता एकच: जिन्यात पुस्तकांचे गठ्ठे ठेवल्याबद्दल ज्याला नोटिसा निघतात, तो सभासद मी.

पहिल्या बैठकीत खजिनदारांनी अंदाजपत्रक वाचलं. मंडप, खुर्च्या, साउंड सिस्टीम, जनरेटर, शाली, श्रीफळं, सन्मानचिन्हं, फ्लेक्स, ड्रोन, सेल्फी पॉइंट, दोन वेळचं जेवण.

"पुस्तकं?" मी विचारलं.

"ती लेखक घेऊन येतात ना!" खजिनदार म्हणाले. "आणि परत नेतात. आपल्याला खर्च शून्य."

सेक्रेटरींचा गृहपाठ अधिक सखोल होता. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं सरकारी अनुदान 50 लाखांवरून 2 कोटींवर गेलं, हे त्यांना मुखोद्गत होतं. त्या संमेलनाचे अध्यक्ष कोण, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी लग्नात जेवण सोडून भटजींचं नाव विचारतोय.

जेवणावर मात्र चर्चा अभ्यासपूर्ण झाली. संमेलन खानदेशात भरलं तर वांग्याचं भरीत, विदर्भात भरलं तर झुणका आणि ठेचा, कोकणात भरलं तर मोदक, याची वर्तमानपत्रं आठवडाभर आधीपासून खबर देतात. आमच्याकडे पोपटी. वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, उलटं लावलेलं मडकं आणि भोवती जाळ. रायगड जिल्ह्यात पोपटी आणि कविता यांची सोयरीक जुनी आहे. थंडीच्या दिवसांत शेतावर मडकं लावायचं आणि शेंगा शिजेपर्यंत कवींनी म्हणून घ्यायचं. मडकं उघडलं की कवी थांबतो. एवढी वेळेची शिस्त महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कुठल्याही कविसंमेलनात नाही. पोपटीचा ठराव टाळ्यांच्या गजरात संमत झाला. कवींची नावं मागाहून ठरवू, असं ठरलं.

यानंतर अभ्यासदौरा निघाला. समिती पाचगणीजवळच्या भिलारला जाऊन आली. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या पुस्तकांच्या गावावरून स्फूर्ती घेऊन 4 मे 2017 रोजी भिलारला सरकारने पुस्तकांचं गाव केलं. तिथे कुणाच्या ओसरीवर चरित्रं असतात, कुणाच्या माजघरात बालसाहित्य. कुणीही यावं, बसावं, वाचावं. कल्पना इतकी चांगली आहे की तिची टिंगल करायला माझ्यासारख्याचीही जीभ रेटत नाही. समितीने दौऱ्याचा लेखी अहवाल दिला. त्यात स्ट्रॉबेरीचा दर्जा, स्ट्रॉबेरीचा दर आणि जॅमच्या बाटल्यांवरची सवलत अशी तीन प्रकरणं आहेत. पुस्तकांचा उल्लेख शेवटच्या ओळीत येतो: "परिसर स्वच्छ आहे."

मग विश्वविक्रमाची टूम निघाली. पुणे पुस्तक महोत्सवाने 2023 साली, पालकांनी एकाच वेळी मुलांना गोष्टी वाचून दाखवण्याचा विश्वविक्रम केला, ही बातमी सांस्कृतिक उपसमितीच्या मनात घर करून होती. आपणही एकाच वेळी जास्तीत जास्त रहिवाशांनी पुस्तक हातात धरण्याचा विक्रम करावा, असं उपसमितीतल्या एका वहिनींनी सुचवलं.

"पुस्तक उघडायचं का?" मी विचारलं.

"उघडलं तर मुखपृष्ठ दिसत नाही ड्रोनला," असं उत्तर आलं.

तांत्रिक मुद्दा होता. मी बसलो.

अध्यक्ष कोण करायचा, हा प्रश्न मात्र अवघड. पूर्वी अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्ष निवडणुकीने ठरत. हजारभर मतदार, आणि त्यांच्या दारी जाणारे उमेदवार. निदान त्या निमित्ताने लेखक कुणाला तरी भेटायचा, भले तो वाचक नसून मतदार असेल. 2019 च्या यवतमाळ संमेलनापासून निवडणूक गेली आणि सन्मानाने निवड आली. अरुणा ढेरे त्या पद्धतीच्या पहिल्या अध्यक्ष. आमच्या समितीला दोन्ही पद्धती मान्य होत्या, फक्त माणूस मालिकेत काम करणारा हवा होता. "लोक ओळखतात हो. लेखकाला कोण ओळखतं? परवा एक मोठे लेखक पनवेलच्या फडके नाट्यगृहात येऊन गेले म्हणे, त्यांना पार्किंगवाल्यानं गाडीसुद्धा आत घेऊ दिली नाही."

मी इतिहासातला दाखला दिला. 1975 साली कराडच्या संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गा भागवत होत्या. आणीबाणी चालू होती. बाईंनी भर संमेलनात जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, त्या वेळचे केंद्रीय मंत्री. ते व्यासपीठावर बसले नाहीत, खाली श्रोत्यांत बसले. पुढे आणीबाणीतच बाईंना तुरुंगात जावं लागलं.

सभेत शांतता पसरली. मला वाटलं, गोष्ट मनाला भिडली. मग सेक्रेटरी हळूच म्हणाले, "मंत्री खाली बसले? मग त्यांचा सत्कार कुणी आणि कुठे केला?"

दुर्गाबाईंचं आयुष्य मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात पुस्तकांत गेलं होतं, हेही मी सांगितलं. त्याचा परिणाम उलटाच झाला. "म्हणजे बाई वाचणाऱ्या होत्या," आमच्या इमारतीतले निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, "तरीच." मग त्यांनी सूचना मांडली की आपल्या महोत्सवात वाद नकोत, म्हणून आजवरच्या वादांची कारणं सल्लागारांनी शोधून अहवाल द्यावा. त्या अहवालाने माझेच डोळे उघडले. तो थोडक्यात असा.

1878 साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात मराठी ग्रंथकार पहिल्यांदा जमले. काही गडबड झाली नाही. 1885 साली दुसऱ्यांदा जमायचं ठरलं आणि जोतीराव फुल्यांना निमंत्रण गेलं. निमंत्रणपत्र आलं की आपण तारीख बघतो, जेवण आहे का बघतो आणि फ्रिजला चिकटवतो. जोतीरावांनी ते वाचलं. नुसतं निमंत्रण नव्हे, निमंत्रण देणाऱ्यांची पुस्तकंही त्यांनी वाचलेली होती. ज्यांच्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या हक्कांना जागा नाही त्यांच्या सभेत मी मिसळणार नाही, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी पाठवलं. त्या सभेत कोण काय बोललं, हे आज विचाराल तर प्राध्यापकही चाचपडतात. न आलेल्या माणसाचं पत्र मात्र अजून वाचलं जातं.

2009 सालचं संमेलन महाबळेश्वरला. आनंद यादव अध्यक्ष म्हणून निवडून आलेले. त्यांच्या 'संतसूर्य तुकाराम' या कादंबरीतल्या मजकुरावर वारकऱ्यांनी आक्षेप घेतला. लेखकाने माफी मागितली, पुस्तक मागे घेतलं, अध्यक्षपद सोडलं. संमेलन अध्यक्षाविना पार पडलं. त्यातून संयोजनशास्त्राला एक मौलिक शोध लागला: अध्यक्ष नसला तरी संमेलनाचं काही अडत नाही. पुस्तक नसलं तर अडतं का, एवढाच प्रयोग करायचा राहिला.

2013 साली चिपळूण. तिथे वादाला पुस्तकसुद्धा लागलं नाही. निमंत्रणपत्रिकेवर परशुराम आणि त्याचा परशू होता, तेवढं पुरलं. यातून धडा असा की निमंत्रणपत्रिका कोरी छापावी.

2019 साली यवतमाळ. उद्घाटक म्हणून इंग्रजीतल्या लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावलं आणि मग येऊ नका म्हणून कळवलं. इंग्रजीत लिहिणारी व्यक्ती मराठी संमेलनाला कशाला, असा आक्षेप पुढे आला होता. त्यांचे वडील रणजित सीताराम पंडित मराठीच, पण तेवढं खोल कोण जातं? त्यांचं भाषण आधीच आयोजकांच्या हाती पडलं होतं, मराठी अनुवाद तयार होता. ते भाषण ठरल्याप्रमाणे झालं असतं, तर पहिल्या रांगेने टाळ्या वाजवल्या असत्या आणि दुसरी रांग चहाला गेली असती. ते झालं नाही, म्हणून अख्ख्या महाराष्ट्राने बसून वाचलं.

फक्त आपणच असे, असंही नाही. 2012 साली जयपूरच्या महोत्सवाला सलमान रश्दी येऊ शकले नाहीत. तेव्हा चार लेखकांनी व्यासपीठावरून त्यांच्या कादंबरीतले उतारे वाचले, जी बाहेरून आणायला 1988 पासून आपल्या देशात बंदी होती. त्या चौघांना जयपूर सोडून जावं लागलं. जगभरातून लोक आले होते, हत्तीएवढे मंडप होते, चर्चा झाल्या, मुलाखती झाल्या, सह्या झाल्या, जेवणं झाली, सगळं सुरळीत. गोत्यात कोण आलं? साहित्य महोत्सवात साहित्य वाचणारे चौघे.

अहवालाचा निष्कर्ष समितीच्या लक्षात मी सांगण्याआधीच आला. वादाचं मूळ दरवेळी एकच निघतं. मंडपाने कधी वाद झाला नाही. शालीवरून कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत. श्रीफळाविरुद्ध मोर्चा निघाल्याचं ऐकिवात नाही. कुणीतरी, कुठेतरी, काहीतरी वाचलेलं असतं, तिथून सगळं सुरू होतं. आक्षेप घेणाऱ्यांनी पूर्ण वाचलेलं नसेल, पण अर्धं पान का होईना, वाचलेलं असतं. आणि अर्धं पान वाचणारा माणूस पूर्ण पुस्तक वाचणाऱ्यापेक्षा फार वेगाने मोर्चा काढतो.

"पण आपल्याकडे वाचतं कोण?" मुख्याध्यापकांनी धीर दिला. "घाबरायचं कारण नाही."

त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. 2011 च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे 8 कोटी 30 लाख लोक निघाले. 3 ऑक्टोबर 2024 ला भाषा अभिजात झाली, त्या दिवशी सगळ्यांच्या स्टेटसवर ज्ञानेश्वर होते. आणि मराठी कादंबरीची पहिली आवृत्ती? हजार प्रती. हल्ली पाचशे. त्यांतल्याही कित्येक 'सप्रेम भेट' म्हणून जातात. भेट दिलेल्या पुस्तकाचा प्रवास ठरलेला असतो: समारंभातून दिवाणखान्यात, दिवाणखान्यातून माळ्यावर, माळ्यावरून रद्दीत. रद्दीच्या दुकानात आम्ही पुस्तकवेडे गठ्ठे उपसतो तेव्हा लेखकाची सही, तारीख आणि 'आपल्या अभिप्रायाच्या प्रतीक्षेत' असं लिहिलेली प्रत निघते. पानं एकमेकांना चिकटलेली, कारण आजवर त्यांना कुणी वेगळं केलेलं नसतं. अशी प्रत किलोच्या भावाने मिळते. लेखक कितीही वजनदार असला तरी काट्यावर पुठ्ठ्याच्या बांधणीचं वजन जास्त भरतं.

उरलेलं साहित्य मोबाइलवर आहे आणि तिथे त्याला बरकत आहे. पु. ल. देशपांडे 12 जून 2000 ला गेले. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांच्या नावाने जेवढं लिहून आलं, तेवढं त्यांना हयातीत लिहायला जमलं नसतं. व. पु. काळ्यांचंही तसंच. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी वपु येतात, सूर्योदयाच्या चित्रावर, आणि त्यांच्या मागोमाग पाणी कधी सोडणार याची चौकशी येते. यातला मजकूर नक्की कुणाचा, असं विचारणाऱ्याला ग्रुपवर खडूस म्हणतात. पुस्तक उघडून पडताळून बघा म्हणणाऱ्याला ग्रुपमधून काढतात. मला पुन्हा घेतलं, ते महोत्सवाचा सल्लागार झाल्यावर.

तरीही मुख्याध्यापकांचा धीर मला पूर्ण पटला नाही. वाचणारे आहेत. ते दिसत नाहीत एवढंच. खांदेश्वरहून सीएसएमटीला जायला तासाहून जास्त वेळ लागतो. त्या गर्दीत एका हाताने कडी आणि दुसऱ्या हाताने खाकी कव्हर घातलेलं लायब्ररीचं पुस्तक धरून उभी असलेली बाई मानखुर्द आलं की अंगठ्याने पान उलटते, वर बघत नाही. पनवेलच्या के. गो. लिमये वाचनालयात जा, किंवा 1893 पासून चालू असलेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जा. माणसं येतात, पुस्तक बदलतात, नवीन काय आलंय विचारतात, निघून जातात. कुणी फोटो काढत नाही. डोंबिवलीत पुस्तक आदानप्रदानाच्या वेळी लोक आपली वाचून झालेली पुस्तकं पिशव्या भरून घेऊन येतात, दुसऱ्याची वाचलेली घेऊन जातात आणि घासाघीस करतात ती नावांवरून.

हीच माणसं संयोजकांची खरी डोकेदुखी. त्यांना पास नको, जेवणाचं कूपन नको, पहिल्या रांगेत सोफा नको. सत्काराला बोलावलं तर म्हणतात, कशाबद्दल? आणि वाचनाचं उद्घाटन करता येत नाही, फीत कुठे बांधणार? एकजण दिव्याखाली बसून दुसऱ्याचं लिहिलेलं मनात घेतोय, यात पाहुण्यांना काम काय? ड्रोनला टिपायला काय? शिवाय वाचणारा वर्गणी देताना हिशेब मागतो, कारण त्याला हिशेबही वाचता येतो. अशा माणसांच्या हाती महोत्सव गेला तर ते मंडप काढतील, खुर्च्या परत पाठवतील, त्या पैशांची पुस्तकं घेतील आणि चार दिवस गप्प बसून वाचतील. तेव्हा स्वागताध्यक्षांनी स्वागत कुणाचं करायचं?

मी समितीला विचारलं, "अशा वाचकांसाठी काहीच नाही करायचं का?" माझ्या प्रश्नाची गंभीर दखल घेण्यात आली आणि कालच्या बैठकीत खालील ठराव सर्वानुमते मंजूर झाले. सेक्रेटरींच्या परवानगीने ते जसेच्या तसे देतो. नोटीस बोर्डावर, पाण्याच्या वेळापत्रकाशेजारी, ते लागलेही आहेत.

ठराव 1. आपल्या कॉलनीचा साहित्य महोत्सव येत्या थंडीत, शेंगा भरल्या की घेण्यात यावा. महोत्सव वादमुक्त राहावा यासाठी तो पुस्तकमुक्त ठेवण्यात यावा.

ठराव 2. ग्रंथदिंडीच्या पालखीत ग्रंथाऐवजी ग्रंथाच्या आकाराचं सन्मानचिन्ह ठेवावं, म्हणजे कुणाच्याही भावना दुखावणार नाहीत व ते पुढच्या वर्षी पुन्हा वापरता येईल.

ठराव 3. निमंत्रित लेखकांनी आपली भाषणं आगाऊ पाठवू नयेत. पाठवल्यास ती न वाचता फाइलला लावण्यात येतील. भाषणाची वेळ पोपटीचं मडकं उघडेपर्यंत.

ठराव 4. स्वागताध्यक्ष व्यासपीठावरच बसतील. कराडचा दाखला देऊ नये.

ठराव 5. सल्लागारांच्या सूचनेनुसार कॉलनीतील एका वाचकाचा जाहीर सत्कार करावा. वाचक मिळेपर्यंत ती शाल खजिनदारांकडे राहील. सल्लागारांनी स्वतःचं नाव सुचवू नये.

ठराव 6. ज्या सभासदांना वाचायचंच असेल त्यांनी ते आपापल्या सदनिकेत, दार लावून आणि स्वतःच्या जबाबदारीवर वाचावं. जिन्यात, गच्चीत व पार्किंगमध्ये वाचन करण्यास सक्त मनाई आहे. वाचनामुळे मनात प्रश्न उद्भवल्यास, झोप उडाल्यास किंवा कुटुंबात मतभेद झाल्यास सोसायटी जबाबदार राहणार नाही, याची सर्व सभासदांनी नोंद घ्यावी.